यंत्र चालू असेपर्यंत

भांडारपाल : '...सबब कोणत्याही संस्कृतीची उंची ही तिने आपल्या अंगणात राखलेल्या गवताच्या उंचीवरून मोजली जाते.' इथे पहिला परिच्छेद संपतो.

टंकलेखिका : म्हणजे गवत गुडघ्याएवढं वाढलं की संस्कृती गुडघ्यापर्यंत आली?

भांडारपाल : उलट. गवत बुटकं, संस्कृती उंच. वाचणाऱ्याने समजून घ्यायचं.

टंकलेखिका : भाऊसाहेब, हे खोडा. साहेबांनी फाईलवर पेन्सिलीने एक ओळ लिहिलीय. 'बॅटरीवर चालणारे गवत कापण्याचे यंत्र? फायदे-तोटे मांडा. शनिवारपर्यंत.' यात संस्कृती कुठे आली?

भांडारपाल : सुरुवात भारदस्त असली की पुढचं कोणी बारकाईने वाचत नाही. सव्वीस वर्षं भांडार सांभाळतोय मी, एवढं कळतं.

टंकलेखिका : आपले संचालक वाचतात. वाचत नाहीत असं आपल्याला वाटावं म्हणून चष्मा कपाळावर ठेवून वाचतात.

भांडारपाल : बाई, जरा हळू.

टंकलेखिका : हळू कशाला? बाहेर यंत्र चालू आहे. माळी आत्ता कुठे फाटकापासून निघालाय. हळू मी बाकीचे चार दिवस बोलते. बोलते कसली, 'हो', 'नाही' आणि 'रिबन संपली' एवढंच म्हणते. बुधवार-शनिवार, अकरा ते बारा, मी हळू बोलणार नाही.

भांडारपाल : तो खिडकीपाशी असतो तेव्हा ठीक आहे. कुंपणाकडे गेला की आवाज निम्मा होतो. आणि साहेबांच्या केबिनचं हे पार्टिशन छताला टेकलेलं नाही, हे विसरू नका.

टंकलेखिका : कशी विसरेन? बसवलं त्या दिवशी सुताराने विचारलं होतं, वरचे चार फूट मोकळे का सोडायचे. साहेब म्हणाले, हवा खेळती राहते. तेव्हापासून आपण श्वास मोजून घेतोय. हं, वाचा पुढे. फायदे.

भांडारपाल : फायदा क्रमांक एक. धूर होत नाही. दोन. पेट्रोल, ऑइल, गाळणी यांची कटकट नाही. तीन. दोरी ओढावी लागत नाही, बटण दाबलं की काम सुरू. चार...

टंकलेखिका : थांबलात का?

भांडारपाल : चार. आवाज होत नाही.

टंकलेखिका : अजिबात?

भांडारपाल : गेल्या शुक्रवारी तो विक्रेता नमुना घेऊन आला होता, तेव्हा तुम्ही रजेवर होतात. हिरवळीच्या मधोमध उभा राहिला आणि माझ्याकडे बघून हसायला लागला. मी म्हटलं, करा सुरू. म्हणाला, चालूच आहे. भिंतीवर मांजर झोपलं होतं, त्याने कानसुद्धा हलवला नाही. पंख्यासारखी थोडी घरघर, बस्स. विक्रेता सांगत होता, शेजारी तान्हं बाळ झोपवा आणि गवत कापा. साहेब केबिनच्या खिडकीतून बघत होते. मान तेवढी हलवली. दोनदा.

टंकलेखिका : दोनदा?

भांडारपाल : एकदा खाली, एकदा वर. ते एकदा धरायचं की दोनदा, यावर माझा आठवडा गेला.

टंकलेखिका : त्यांना आवडलं.

भांडारपाल : हो ना. मलाही तशीच भीती वाटते.

टंकलेखिका : मग तोटे सांगा. भरपूर काढले असतील तुम्ही.

भांडारपाल : काढलेत. एकदा चार्ज केली की बॅटरी चाळीस मिनिटं चालते. आपल्या हिरवळीला पाऊण तास ते एक तास लागतो. म्हणजे वीस मिनिटांचं गवत उभं राहणार.

टंकलेखिका : दुसरी बॅटरी घ्या म्हणतील.

भांडारपाल : ओल्या गवतात ताकद कमी पडते.

टंकलेखिका : वाळल्यावर कापा म्हणतील.

भांडारपाल : चार्जिंगला जागा नाही. एकच सॉकेट रिकामं आहे, आरेखकांच्या टेबलामागचं.

टंकलेखिका : आरेखक तरी कुठे आहेत आता टेबलाशी? जागाच जागा आहे. पुढे.

भांडारपाल : चार-पाच वर्षांनी बॅटरी दमते.

टंकलेखिका : तोवर तुम्ही निवृत्त झालेले असाल. भाऊसाहेब, तुमचे सगळे तोटे खरे आहेत आणि त्यातलं एकही कारण खरं नाही. खरा तोटा मी सांगते, लिहून घ्या. 'तोटा क्रमांक पाच. सदर यंत्र आल्यास नकाशा कार्यालयातल्या दोन माणसांना आठवड्यातून दोन तास जे माणसासारखं बोलता येतं, ते बंद होईल.' आणि खाली लिहा, या कार्यालयाचे संचालक म्हणजे एक असा माणूस आहे की ज्याला स्वतःच्या सावलीचीसुद्धा— पिवळ्या पेन्सिली किती शिल्लक आहेत, भाऊसाहेब?

भांडारपाल : पिवळ्या एकशे चार. त्यातल्या टोक केलेल्या एकोणतीस.

टंकलेखिका : छान. आणि निळ्या?

भांडारपाल : निळ्या मोजून सांगतो. साहेबांच्या सूचनेप्रमाणे आता आपण पेन्सिली लांबीनुसार लावतो. फार सोय झाली.

टंकलेखिका : साहेबांचं बारीक लक्ष असतं, म्हणून सगळं सुरळीत चाललंय.

भांडारपाल : अगदी. आज हवाही बरी आहे.

टंकलेखिका : हवा खेळती आहे.

भांडारपाल : निळ्या मोजतोय.

टंकलेखिका : झालं यंत्र पुन्हा सुरू. गवताचा पुंजका अडकला असेल पात्यात. काय म्हणत होते मी?

भांडारपाल : कृपा करून ते वाक्य पुरं करू नका. माझे हात बघा.

टंकलेखिका : माझेही थरथरताहेत. टाइप करणाऱ्या बाईचे हात थरथरले की एका अक्षराची दोन होतात. तुमचे थरथरले तर काय, पेन्सिलच खाली पडेल.

भांडारपाल : आरेखकांचं असंच झालं होतं. तुम्हाला चेष्टा सुचते.

टंकलेखिका : चेष्टा नाही हो. मी त्यांच्या शेजारीच उभी होते ना. किती आनंदात होते. सांगत होते की साहेब परवा तपासणीला आलेल्या पाहुण्यांसमोर तासभर नकाशा उलटा धरून बोलले, आणि पाहुण्यांनीही टिपणं काढली. आता यंत्राच्या आवाजावर सांगायचं म्हणजे ओरडूनच सांगावं लागतं. आणि नेमकं पेट्रोल संपलं. सगळ्या दालनात एवढंच घुमलं, 'उत्तरेला दक्षिण म्हणतो हा बैल.'

भांडारपाल : शेवटचा शब्द नसता तर निभावलं असतं. भूगोलावरची चर्चा म्हणता आली असती.

टंकलेखिका : आतून खुर्ची सरकल्याचा आवाजसुद्धा आला नाही. ते जास्त भयंकर होतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर पत्र. तळघरातले जुने नकाशे झटकणे व क्रमवार लावणे, पुढील आदेश होईपर्यंत. तीन वर्षं झाली.

भांडारपाल : मध्ये जिन्यावर भेटले होते. मी विचारलं, कसं चाललंय. ते इकडेतिकडे बघून म्हणाले, उत्तम. नंतर कानाजवळ येऊन पुन्हा एकदा म्हणाले, उत्तम. मला त्या दुसऱ्या उत्तमची भीती वाटते, बाई.

टंकलेखिका : म्हणून म्हणते, पेट्रोलचंच राहू द्या अशी शिफारस करा. तुम्ही भांडारपाल, तुमचा शब्द चालतो.

भांडारपाल : आणि साहेबांनी विचारलं की धूर नको, कटकट नको, आवाज नको, तरी तुम्हाला जुनंच का हवं, तर? आवाज कोणाला हवा असतो, बाई? ज्याला आवाजाखाली काही झाकायचं असतं त्याला. हे ते एका मिनिटात ताडतील. मग हेही विचारतील की सव्वीस वर्षांत या माणसाने कधी कशाचा आग्रह धरला नाही, आत्ताच का.

टंकलेखिका : खरंच धरला नाहीत?

भांडारपाल : एकदा जाड दोऱ्याचा धरला होता. पातळ आला. मग सोडून दिलं.

टंकलेखिका : आणि माळी? त्याला विचारलंत?

भांडारपाल : नका काढू तो विषय. परवा भांडारात आला, सदऱ्याचं बटण काढून खांदा दाखवला. सुजलाय. दर वेळी ती दोरी दहा-पंधरा वेळा ओढावी लागते तेव्हा यंत्र धरतं. डॉक्टरांनी त्याला ओढायचं काम बंद करायला सांगितलंय. धुराने खोकला आहे तो वेगळाच. मला विचारत होता, भाऊसाहेब, त्या नव्याला नुसतं बटण असतं ना?

टंकलेखिका : तुम्ही काय म्हणालात?

भांडारपाल : मी म्हटलं, विषय विचाराधीन आहे.

टंकलेखिका : अरे देवा.

भांडारपाल : दुसरं काय म्हणणार? असं सांगू, की बाबा रे, तू तुझा खांदा झिजव, म्हणजे बाईंना आणि मला गप्पा मारता येतील? आठ वर्षं आपण त्याच्या खांद्यावर बसून बोलतोय. मला हे परवापर्यंत ठाऊकच नव्हतं. आता बोलताना मधेच त्याचा खांदा दिसतो.

टंकलेखिका : ...मलाही दिसेल आता. हे सांगायलाच हवं होतं का आज?

भांडारपाल : फायदे-तोटे मांडायला सांगितलेत. मांडायला बसलं की सगळंच वर येतं.

टंकलेखिका : मग मांडून काय निघालं? शिफारस काय लिहिलीत? तो कागद इकडे द्या. हाताखाली काय लपवताय, मी काय साहेब आहे?

भांडारपाल : बाई, थांबा जरा.

टंकलेखिका : 'वरील सर्व बाबींचा साकल्याने विचार करता बॅटरीवर चालणारे यंत्र घेणे संस्थेच्या हिताचे राहील.' सही. तारीख कालची. म्हणजे काल ठरवून मोकळे झालात. आणि आज मला संस्कृतीची उंची वाचून दाखवताय.

भांडारपाल : ठरवलं नाही. घाबरलो. मला त्या दोन गोष्टींत फरक करता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

टंकलेखिका : माहीत आहे. तरी वाटलं होतं.

भांडारपाल : बाई, सोमवारपासून आतून एकही फाईल परत आलेली नाही. लक्षात आलंय का तुमच्या? पार्टिशनच्या झरोक्यातून मी रोज सकाळी सरकवतो. पूर्वी संध्याकाळी लाल शेरे मारून परत यायच्या. या आठवड्यात काही नाही. खोकला नाही, घंटी नाही. आतल्या आत साठवताहेत ते. माणूस एवढा गप्प कधी बसतो? सगळं ऐकून झाल्यावर.

टंकलेखिका : बुधवारचं ऐकलं असेल?

भांडारपाल : बुधवारी माळी बराच वेळ कुंपणाकडे होता. मी मागाहून आठवून आठवून बघितलं. तुम्ही बहिणीच्या पत्राचं सांगितलंत तेव्हा तो नेमका कुंपणाशी वळत होता.

टंकलेखिका : बहिणीच्या पत्रात साहेबांबद्दल काही नव्हतं.

भांडारपाल : स्वेच्छानिवृत्तीचं होतं. विनापरवानगी बेत करणं हेसुद्धा त्यांना चालत नाही.

टंकलेखिका : बरं झालं तुम्हीच विषय काढलात. मी वाट बघत होते. बहिणीने खालचा मजला रिकामा करून ठेवलाय, ये म्हणते, दोघी मिळून राहू. अर्ज माझ्या खणात तयार आहे, तारीख तेवढी टाइप करायची राहिलीय. सोमवारी द्यायचा की फाडायचा, हे मी बुधवारी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, शनिवारी सांगतो. आज शनिवार आहे, यंत्र चालू आहे आणि पावणेबारा वाजलेत. पुढच्या बुधवारी कदाचित मांजराचा कान न हलवणारं यंत्र असेल. तुमच्याच शिफारशीने. तेव्हा आत्ता सांगा.

भांडारपाल : मी विचार केलाय.

टंकलेखिका : साकल्याने?

भांडारपाल : दोन रकाने पाडून. मला दुसरं काही येत नाही, बाई. हा कागद. एका बाजूला जाण्याचे फायदे, एका बाजूला तोटे.

टंकलेखिका : माझ्या जाण्याचे? शिल्लक साठ्याच्या फॉर्मवर लिहिलेत?

भांडारपाल : पाठकोरा होता. फायदे सात निघाले. बहिणीचा सहवास. जिना कमी. हवा चांगली. इथली भीती नाही. दुखलंखुपलं तर माणूस जवळ. टाइपरायटरने बोटं आखडतात ती सुटतील. आणि तिथे कधीही, कुठल्याही वारी, कितीही मोठ्याने बोलता येईल.

टंकलेखिका : सातही खरे आहेत. आणि तोटे?

भांडारपाल : एकच आहे.

टंकलेखिका : कोणता?

भांडारपाल : तो... म्हणजे असं बघा, आठ वर्षांपूर्वी तुम्ही या टेबलाशी आलात, तेव्हा मला घरी जाऊन काही दिवस झाले होते, म्हणजे घरी जाऊन काही सांगायला कोणी नव्हतं, माझी बायको जाऊन काही दिवस झाले होते, आणि एका बुधवारी तुम्ही मला विचारलंत की डब्यात रोज नुसता पाव का, तर मला— निळ्या पेन्सिली अठ्ठ्याऐंशी.

टंकलेखिका : ...अठ्ठ्याऐंशी. लिहिलं.

भांडारपाल : खोडरबर दोन डबे. एक फोडलेला.

टंकलेखिका : फोडलेला कोणी?

भांडारपाल : साहेबांच्या लेखी परवानगीने फोडलेला. परवानगी फाईलला लावली आहे.

टंकलेखिका : आणि तो तोटा कोणता ते राहिलं, भाऊसाहेब. म्हणजे यंत्राचा तोटा. टिपणातला.

भांडारपाल : तो... त्यावर सविस्तर माहिती मागवली आहे. यथावकाश सादर करू.

टंकलेखिका : यथावकाश नको. वेळेत हवी.

भांडारपाल : आपलं म्हणणं नोंदवून घेतलं आहे.

टंकलेखिका : माळ्याने दोरी ओढली बघा. एक. दोन. तीन. आता मला प्रत्येक हिसक्याला त्याचा खांदा दिसतोय. सहा. सात. धर रे बाबा. नऊ. धरलं.

भांडारपाल : धरलं, पण आवाज बरा नाही. खरवडल्यासारखा येतोय. पिस्टन लागला असेल.

टंकलेखिका : तो तोटा सांगा आधी, पिस्टन मागून. मी तुमच्याकडून काही मोठं मागत नाहीये. मला वचन नको, सोबत नको, काही नको. सोमवारी सकाळी खण उघडल्यावर त्या अर्जाचं काय करायचं, एवढं एक वाक्य हवंय. तुमच्याशिवाय कोणाला विचारणार? बहिणीला विचारलं तर ती ये म्हणणारच. साहेबांना विचारलं तर ते नियम दाखवतील. या इमारतीत मला विचार करून उत्तर देणारं माणूस एकच आहे, आणि ते पेन्सिली मोजतंय.

भांडारपाल : तुम्ही गेलात तर माझ्यासारख्याचं काही बिघडत नाही. बुधवारी नि शनिवारी अकरा वाजता मी खिडकीशी उभा राहीन, इतकंच. तुमचे सात फायदे आहेत. सातासमोर एक ठेवणं म्हणजे अन्याय आहे. कुठल्याही कार्यालयात हे टिकणार नाही.

टंकलेखिका : टिकवायचं कोणाला आहे? मी कार्यालय आहे का?

भांडारपाल : मला भीती वाटते, बाई. मी सांगितलं आणि तुम्ही राहिलात, आणि मग सोमवारी बॅटरीचं यंत्र आलं, तर? मग तुम्ही समोर बसलेल्या असाल, मी इथे बसलेलो असेन, आणि आपण दोघं पाच वाजेपर्यंत 'हो', 'नाही', 'रिबन संपली'. तुम्हाला एवढ्यासाठी थांबवायचं? कोणत्या तोंडाने? आणि मी पेट्रोलचं लिहिलं तर माळ्याचा खांदा. आणि काहीच लिहिलं नाही तर तळघर. मी सगळीकडून मांडून बघितलं. कुठूनही बेरीज भीतीच येते.

टंकलेखिका : मग जाऊ ना मी? म्हणा, जा. तेवढं तरी स्वच्छ म्हणा. यंत्र अजून चालू आहे, भाऊसाहेब. कुरकुरतंय, पण चालू आहे. म्हणा. पुन्हा असा आवाज मिळणार नाही आपल्याला. आतल्या माणसाला काहीही ऐकू जाणार नाही, काही म्हणा, फक्त—

(यंत्र एकदा ठसकून बंद पडतं. दोरीचे हिसके ऐकू येतात; मग काहीतरी तुटल्याचा आवाज, मग तेही नाही. दालनात फक्त पंखा.)

टंकलेखिका : ...रिबन संपली.

भांडारपाल : नवी काढून देतो.

टंकलेखिका : घाई नाही. सोमवारी चालेल. सोमवारी एक अर्ज टाइप करायचाय.

भांडारपाल : कोणता अर्ज?

टंकलेखिका : तारीख घालायची आहे फक्त. तुम्हाला कल्पना आहे.

भांडारपाल : हो.

टंकलेखिका : मग... आज हवा बरी आहे.

भांडारपाल : बाई.

टंकलेखिका : साहेबांच्या कृपेने सगळं सुरळीत आहे.

भांडारपाल : बाई, जाऊ नका.

टंकलेखिका : भाऊसाहेब, मला वाटतं आपण बाहेर जाण्याच्या नोंदवहीबद्दल बोलताय.

भांडारपाल : नाही. तुमच्याबद्दल बोलतोय. तो अर्ज फाडा. तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं. सात फायदे मी वाचले, सगळे मान्य आहेत, तरी जाऊ नका. त्या रकान्यात एवढंच लिहिलंय, 'मला करमणार नाही.' टिपणातल्या भाषेत बसलं नाही म्हणून वाचून दाखवलं नाही.

टंकलेखिका : अहो, यंत्र बंद आहे.

भांडारपाल : मला ऐकू येतंय बंद आहे ते.

टंकलेखिका : पार्टिशन वरून उघडं आहे.

भांडारपाल : आठ वर्षं उघडं आहे. मला मधे तोडू नका. एकदा थांबलो तर पुन्हा जमायचं नाही. बॅटरीचं यंत्र येऊ दे. माळ्याचा खांदा वाचू दे. ते मी लिहिलंय तेच योग्य आहे. आवाज नसेल तर आवाजाशिवाय बोलू. म्हणजे मी बोलेन. तुम्ही नुसतं समोर बसा. साहेब ऐकतील तर ऐकोत. तळघरात धाडलं तर जाईन. आरेखकांना सोबत होईल. तिथे जिना उतरून येता येतं की नाही, तेवढं तुम्ही ठरवा.

टंकलेखिका : ...तुमचा आवाज असा आहे होय?

भांडारपाल : कसा?

टंकलेखिका : ओरडत नसताना. मी आठ वर्षं ऐकलाच नव्हता.

भांडारपाल : आतून काही हालचाल?

टंकलेखिका : नाही. काहीच नाही.

भांडारपाल : खुर्चीसुद्धा सरकली नाही.

टंकलेखिका : आरेखकांच्या वेळीही सरकली नव्हती. माझा हात धरा जरा. नाही, राहू द्या, कोणीतरी येतंय.

माळी : भाऊसाहेब, मशीन गेलं. दोरी तुटून हातात आली, ही बघा. आतनं काहीतरी खडखडतंय पण. काय झालं, तब्येत बरी नाही का तुमची? बाई, तुम्हीही पांढऱ्याफटक पडलात.

भांडारपाल : काही नाही. बस इथे. खांदा कसा आहे?

माळी : आता दोरीच नाही म्हटल्यावर बराच म्हणायचा. गवत मात्र अर्धं राहिलंय. त्याचं काय करू?

भांडारपाल : टिपण तयार आहे. बॅटरीचं यंत्र. ते मी आत्ता स्वतः आत नेऊन देतो. साहेबांनी आमचं सगळं बोलणं ऐकलंच आहे, तर तेही तोंडावरच होऊन जाऊ दे.

टंकलेखिका : मीही येते.

माळी : आत कुणाकडे? साहेब सोमवारपासून रजेवर आहेत. कुंडीला पाणी घालायला किल्ली माझ्याकडे देऊन गेलेत.